उन्हाळ्यात झोपणारी केळ

अर्धापूर, मुदखेड, वसमत ह्या पट्ट्यात केळी हे पीक कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाच्या तोंडावर लावायची मृगबाग कधी धरायची, पावसाळा सरताना लावायची कांदेबाग कधी, पहिला घड कापल्यावर खोडव्यासाठी, म्हणजे पुढच्या पिकासाठी, बुंध्याशी फुटलेल्या पिल्लांपैकी कोणता मुनवा राखायचा आणि कोणते छाटून टाकायचे, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. नांदेडला केळी संशोधन केंद्र आहे, अर्धापुरी केळीचे नाव बाजारात आहे, आणि टिश्यूकल्चरच्या रोपांनी गेल्या काही दशकांत बागांचे रूप पार बदलून टाकले आहे. मात्र ह्या सगळ्याच्या मुळाशी पाण्याचा एक हिशेब आहे, आणि तो कधीच जुळत नाही. केळीच्या बागेला वर्षाकाठी साधारण १८०० ते २००० मिलिमीटर पाणी लागते. नांदेड जिल्ह्यात पाऊस सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. मधली तफावत इसापूर धरणाचे पाणी, येलदरी-सिद्धेश्वरचे कालवे, विहिरी आणि बोअर ह्यांनी भरून काढायची असते. ज्या वर्षी कालव्याची पाळी हुकते आणि बोअर उचक्या देऊ लागते, त्या वर्षी शिवारात सगळ्यांत आधी माना टाकते ती केळीच.

अशा मुलखात मी बांधाच्या कडेला, मुरमाड जागी, एक अशी केळ वाढवतो आहे जी मार्गशीर्ष लागता लागता पाने टाकून देते आणि पुढचा पाऊस पडेपर्यंत पाण्याचा थेंब मागत नाही. तिच्या घडाला बाजारात कोणी विचारणार नाही, कारण फळात गर कमी आणि बियाच जास्त. तरीही ह्या झाडाने मला केळीबद्दल जे शिकवले ते चार पिढ्यांच्या बागायतीने शिकवले नव्हते, म्हणून हा लेख.

ह्या झाडाला रानकेळ म्हणतात. कोकणात आणि ठाणे-रायगडच्या डोंगरपट्ट्यात कवदर हे नावही चालते. शास्त्रीय नाव एन्सेटे सुपर्बम. पावसाळ्यात माळशेज घाटातून किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेने गेलेल्या कोणीही ते पाहिलेले असते, फक्त ओळखलेले नसते: उभ्या काळ्या कातळाच्या भेगेत, जिथे माणसाला पाय ठेवायला जागा नाही तिथे, पोपटी रंगाची भली मोठी पाने चहूबाजूंनी फाकलेली दिसतात आणि खाली बुंधा चांगलाच फुगलेला असतो. विल्यम रॉक्सबर्ग ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले तेव्हा तिला केळीच्याच म्युझा ह्या प्रजातीत बसवले होते. पुढे १९४७-४८ च्या सुमारास ई. ई. चीझमन ह्यांनी, ज्यांनी त्रिनिदादमध्ये केळीचा अभ्यास केला होता, तिला तिथून काढून एन्सेटे ह्या वेगळ्या प्रजातीत ठेवले.

हे वर्गीकरण कागदापुरते नाही. शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तरी दोन्ही झाडांची रीत निराळी आहे. आपल्या केळीला मुनवे फुटतात. आई गेली तरी लेकी उभ्या राहतात, आणि एकदा लावलेली बाग तत्त्वतः संपत नाही. रानकेळीला मुनवे येत नाहीत. एक कंद, एक खोड, काही वर्षांची वाढ, मग एकदाच निसवण, म्हणजे फुलोरा बाहेर पडणे, आणि बिया पिकल्या की सगळे झाड कंदासकट मरून जाते. दुसरीकडे आपण खातो ती केळ बीच धरत नाही. जात बसराई असो की ग्रँड नैन, तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बीज नीट घडतच नाही. केळ उभी चिरली की मधोमध दिसणारे काळपट ठिपके हे त्या न झालेल्या बियांचे अवशेष होत. एक झाड सगळा भार मुनव्यावर टाकून मोकळे झाले आहे, आणि दुसऱ्याने बियांवाचून दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

पुष्कळ लोक रानकेळ दाखवली की म्हणतात, ही आपल्या केळीची आजी. ते खरे नव्हे. आपल्या केळीचे पूर्वज म्युझा ॲक्युमिनाटा आणि म्युझा बाल्बिसियाना हे आहेत, आणि त्यांच्या गुणसूत्रांची संख्या २२ आहे; एन्सेटेची १८. म्हणजे ही आजी नव्हे, दूरची चुलती म्हणावी. तिचा आपल्या केळीशी संकर करून कोणी दुष्काळात तगणारी अर्धापुरी काढील, अशी आशा मी तरी धरत नाही, आणि तसे सांगून कोणी रोपे विकत असेल तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

ह्या चुलतीची एक सख्खी बहीण मात्र आफ्रिकेत फार मोठा संसार सांभाळते. इथिओपियाच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य भागात एन्सेटे व्हेन्ट्रिकोसम हे झाड परसात लावतात, आणि सुमारे दोन कोटी लोकांच्या जेवणाचा आधार तेच आहे. तिथे फळ कोणी खात नाही. खोड आणि कंद खरवडून जो पिष्टमय लगदा निघतो, तो जमिनीतल्या खड्ड्यात पानांत गुंडाळून आंबवतात, कित्येक महिने ठेवतात आणि त्याची कोचो नावाची भाकरी भाजतात. झाड कितीही वर्षांचे असो, गरज पडेल तेव्हा तोडता येते, म्हणून पाऊस चुकलेल्या वर्षी ते उभे कोठार ठरते. लागवडीची त्यांची युक्तीही ऐकण्यासारखी आहे: कंदाच्या मधला वाढीचा कोंब कोरून काढायचा आणि कंद मातीत पुरायचा, की मग कडेने बरेच कोंब फुटतात. मुनवे न देणाऱ्या झाडाकडून असे मुनवे वसूल करण्याची ही रीत रानकेळीवरही करून पाहावी असे मनात येते, पण त्यासाठी एक वाढलेला कंद बळी द्यावा लागतो, आणि माझा हात अजून धजावलेला नाही.

आता लागवडीकडे वळतो. पहिली गोष्ट म्हणजे रानातून झाड खणून आणू नये. अभयारण्यातून तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ते आणताच येत नाही. पण कायदा नसता तरी ते करू नये, कारण मुनवे नसलेल्या झाडाचा कंद काढला की तिथला वंशच खुंटतो. हीच गोष्ट फुलाची. कवदराच्या कोवळ्या फुलाची आणि आतल्या गाभ्याची भाजी डोंगरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. ते एकाच कड्यावरचे सगळे तोडत नाहीत. शहरात रानभाज्यांची हौस वाढल्यावर तीच भाजी गोणीने खाली येऊ लागली, तर प्रत्येक फुलामागे एका झाडाची सगळी प्रजा गेली असे समजावे. मुतखड्यावर म्हणून बियाही गोळा केल्या जातात. आपण खासगी जमिनीवरच्या झाडाखाली पडलेल्या पिकल्या फळातल्या मूठभर बिया मागून आणाव्यात, किंवा देशी झाडांची रोपवाटिका करणाऱ्याकडून घ्याव्यात. घेताना एवढे पाहावे की बी टणक, काळपट तपकिरी, थोडे कंगोरेदार आणि हरभऱ्याहून स्पष्ट मोठे आहे. शोभेच्या लहान गुलाबी केळीच्या बिया ‘जंगली केळ’ म्हणून सर्रास विकल्या जातात. त्या आकाराने बऱ्याच बारीक असतात.

एक बी हातोडीने हलकेच फोडून पाहिले, तर ह्या झाडाचा स्वभाव निम्मा कळतो. वरचे कवच दगडासारखे, सहज न तुटणारे. आत पांढरेशुभ्र पीठ, बोटाला लागले तर चिमटीत भुरभुरते. हे पीठ म्हणजे रोपाची शिदोरी. एका टोकाला खळगा असतो, आणि त्या खळग्याच्या आतल्या अंगाला एवढासा गर्भ बसलेला असतो. पाणी आत शिरायचे ते मुख्यतः त्याच वाटेने, म्हणून कवच घासायचे असेल तर खळग्याची बाजू सोडून, दुसऱ्या अंगाने कानशीने थोडेसे घासावे, पीठ दिसेपर्यंत घासू नये. गराचा अंशही चिकटलेला राहू देऊ नये, नाहीतर बुरशी धरते. मग बिया कोमट पाण्यात दोन-तीन दिवस भिजवाव्यात आणि पाणी रोज बदलावे. तरंगणारी बी बहुधा पोकळ निघते.

पेरणीचा हंगाम हा इथे मोठा मुद्दा आहे, आणि मराठवाड्याचे हवामान एरवी शेतकऱ्याला छळत असले तरी ह्या कामी उपयोगी पडते. रानटी केळीच्या बिया एकसारख्या उबेत ठेवल्या तर अडून बसतात. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असा चढउतार मिळाला की उगवण सुधारते. प्रयोगशाळेत त्यासाठी यंत्र लागते. आपल्याकडे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपारी अंगातून घाम निघतो आणि पहाटे गोधडी ओढावी लागते, तेच हे यंत्र. निम्मी वाळू आणि निम्मे चाळलेले कुजके शेणखत-माती असे मिश्रण पिशव्यांत भरावे, बी दीड-दोन सेंटिमीटर खोल टाकावे, पिशव्या सकाळचे ऊन येईल अशा जागी ठेवाव्यात आणि माती फक्त ओलसर राखावी. मग विसरून जावे. काही बिया महिन्याभरात वर येतात, काही पावसाळ्यात, आणि काहींनी पुढचा उन्हाळा ओलांडला तरी नवल नाही. रोज माती उकरून पाहणाऱ्याच्या हाती ह्या झाडाचे रोप लागत नाही.

पहिले पान गुंडाळलेल्या अवस्थेत सरळ वर येते आणि उलगडल्यावर बोटभर असते. त्यानंतरची पाने एकापेक्षा एक मोठी. पहिला पावसाळा आणि पहिला उन्हाळा रोप पिशवीत किंवा मोठ्या कुंडीत ठेवणे बरे. त्या वयात कंदात साठा थोडा असतो, त्यामुळे लहान रोपाला उन्हाळ्यात पूर्ण कोरडे पाडू नये. आठवड्याने थोडा ओलावा आणि शेडनेटची सावली द्यावी. दुसऱ्या मृगाला ते जमिनीत जाते.

जागेच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: काळ्या भारी जमिनीत रानकेळ लावू नये. ज्या जमिनीला आपण सोने म्हणतो, तीच हिला मारते. काळी माती पाणी धरते, श्रावणात चार-चार दिवस वाफसा येत नाही, आणि कड्यावर वाढायला घडलेल्या कंदाला ते सोसत नाही. सह्याद्रीत पाऊस प्रचंड, पण झाडाची जागा कोरडी असते. कोसळलेले पाणी कातळावरून त्याच घटकेला खाली निघून जाते, भेगेत मूठभर पालापाचोळ्याची माती उरते, आणि नोव्हेंबरपासून जूनपर्यंत तिथे काहीच मिळत नाही. हे लक्षात आले की लागवड सोपी होते. शेतातला सगळ्यांत टाकाऊ तुकडा निवडावा: बांधाचा उतार, विहिरीच्या उपशाचा ढीग, मुरमाड टेकाड. गुडघाभर उंचीचा उंचवटा करून त्यात दगडगोटे, मुरूम, थोडी पोयट्याची माती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. रोप उंचवट्याच्या माथ्यावर लावावे आणि कंदाचा गळा मातीखाली पुरू नये. काळीच जमीन असेल तर उंचवटा दुप्पट करावा, पण खड्डा कधीच करू नये. आपल्या केळीसाठी आपण खड्डा घेतो, इथे त्याच्या उलट चालायचे.

पावसाळ्यात वाढीचा वेग डोळ्यांनी पाहण्यासारखा असतो. पाऊस पडून आठवडा होतो न होतो तोच, सहा महिने मेल्यासारख्या पडलेल्या खोडक्यातून हिरवी सुरळी वर येते, आणि ऑगस्टपर्यंत माणसाच्या उंचीची पाने होतात. ह्याच काळात खत द्यावे, राखही चालते, कारण पालाशची भूक सगळ्या केळवर्गाला असते. पाणी द्यायचे तेही ह्याच काळात. ऐकायला विचित्र वाटेल, पण आपल्याकडे ऑगस्टमध्ये पावसाचा जो खंड पडतो, दोन-तीन आठवडे आभाळ कोरडे राहते, त्या वेळी रानकेळीला चार कळश्या पाणी द्यावे. घाटात तिला तो खंड माहीत नाही. मात्र एकदा ऑक्टोबर सरला आणि खालची पाने पिवळी पडू लागली, की पाणी बंद.

ह्या बंद करण्यावरून शेजारच्या मळ्यातले मामा दर वर्षी मला टोकतात. त्यांची स्वतःची बाग ठिबकवर आहे. एप्रिल-मेमध्ये झाडामागे दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी ते मोजून देतात. माझ्या बांधावरचा वाळका बुंधा पाहून ते म्हणतात, “गुरुजी, गेलं की हो हे झाड. चार दिस नळी सोडा माझ्याकडची, पानी काय तुटलं नाई.” मी त्यांना बुंध्यापाशी बसवून अंगठ्याने दाबायला सांगतो. वरची आवरणे वाळून कागदासारखी झालेली असतात, जुन्या पानांच्या दाट वलयांच्या खुणा बोटाला लागतात, आणि त्याच्या आत कंद टणक असतो. टणक आहे तोवर झाड जिवंत आहे. दाबल्यावर बोट आत गेले आणि आंबूस वास आला, तर ते कुजले, आणि बहुतेक वेळा कुजण्याचे कारण कोणीतरी दयेपोटी सोडलेली नळी हेच असते. मामा मान हलवतात, पण पटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर केळ तहानलेली राहू नये म्हणून रात्री-बेरात्री मोटर चालू केली, त्याला तहान हा एखाद्या केळीचा ऋतू असू शकतो हे पटावे तरी कसे?

मला स्वतःला ह्या झाडाचे मोल वाटते ते इथेच. आपण मराठवाड्यात पाणी पिणारी पिके आणली, ऊस आणला, केळी आणली, आणि त्यांच्यासाठी नदी-नाले-भूगर्भ सगळे कामाला लावले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने प्यायचे पाणी आणावे लागले, त्या वर्षीही आमच्या चर्चा पुढच्या लागणीच्या होत्या. केळी लावू नये असे मी म्हणत नाही. माझ्या घरची चूल तिच्यावरच पेटली आहे. पण केळ म्हणजे बारमाही पाणी, हे समीकरण निसर्गाने घातलेले नसून आपण निवडलेल्या एका जातीचे आहे, हे रानकेळ बांधावर उभी राहून दाखवते. चार महिन्यांच्या पावसावर मोठे पान काढायचे, मिळेल तेवढे कंदात साठवायचे आणि उन्हाशी भांडत न बसता पाने टाकून द्यायची, हा व्यवहार ज्वारी-तुरीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला परका नाही.

उपद्रव म्हणाल तर रानडुकराचा आणि साळिंदराचा मोठा; कंदाचा वास त्यांना बरोबर लागतो, तेव्हा काटेरी फांद्यांचे कुंपण हवेच. मे महिन्यात कंदाभोवती पाचटाचे आच्छादन करावे. खोडात छिद्र आणि त्यातून पाझरणारा डिंकासारखा द्रव दिसला तर सोंड्या भुंग्याची शंका घ्यावी. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, रानकेळ आपल्या केळीच्या बागेत लावू नये, लांब ठेवावी. नातलग झाडांना एकमेकांचे रोग लागतात: केळीला सुकवून टाकणारा झँथोमोनास जिवाणूंचा एक रोग १९६८ साली प्रथम नोंदला गेला तो इथिओपियातल्या एन्सेटेवर, आणि पुढे २००१ मध्ये युगांडाच्या केळीबागांत शिरून त्याने मोठा नाश केला. तो रोग आफ्रिकेतला, पण धडा इथेही घेण्यासारखा आहे.

फूल येण्याची घाई असणाऱ्याने हे झाड लावूच नये. चार, सहा, कधी त्याहूनही जास्त पावसाळे जातात, आणि लागवडीच्या जागेवर ते बरेच अवलंबून असते. निसवण होते तेव्हा मात्र पाहत राहावे असे रूप असते. आपल्या केळफुलाची तांबडी पारी, म्हणजे फुलांवरचे आवरण, एकेक करून गळून पडते. रानकेळीची पारी गळत नाही, जागच्या जागी राहते, त्यामुळे खाली झुकलेला तो सगळा फुलोरा तपकिरी-लाल रंगाच्या थरावर थर चढवत अवाढव्य कमळासारखा फुगत जातो. मध भरपूर असतो. दिवसा मधमाश्या असतात आणि अंधार पडल्यावर वटवाघळे येतात. फळे आखूड, जाडसर, कंगोरेदार, आणि पिकायला कित्येक महिने घेणारी. माझ्या सर्वांत जुन्या झाडाने निसवण केली तेव्हा मामांनी पहिला प्रश्न विचारला, “किलोचा भाव काय मिळंल?” आणि पिकलेले फळ मी त्यांना फोडून दिल्यावर दात दुखेपर्यंत एक बी चावून पाहिले.

पिकलेली फळे गळण्याच्या बेताला आली की घड जाळीच्या पिशवीत बांधावा, म्हणजे बिया माकडांच्या आधी आपल्या हाती येतात. थोडी फळे मात्र त्यांच्यासाठी झाडावर राहू द्यावीत. बिया चाळणीत चोळून धुवाव्यात, सावलीत सुकवाव्यात आणि कापडी पुरचुंडीत कोरड्या जागी ठेवाव्यात. आईझाड त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत आडवे होते. ते कापून तिथेच कुजू द्यावे. मुनवे नसल्यामुळे एकाच वर्षी लावलेली सगळी झाडे पुढेमागे एकाच सुमारास निसवून संपण्याचा धोका असतो, म्हणून दर फेब्रुवारीला थोड्या बिया नव्याने पेराव्यात, म्हणजे बांधावर वेगवेगळ्या वयाची झाडे राहतात. ह्या वर्षीच्या पिशव्यांपैकी दोन मामांनी आपल्या विहिरीच्या उपशावर लावायला मागून ठेवल्या आहेत. ठिबकची नळी तिथवर पोहोचणार नाही, एवढी अट मी घातली आहे.